कपाटभर किट्स, चिमूटभर वेळ

स्केल मॉडेल, म्हणजे खऱ्या वस्तूची प्रमाणात छोटी प्रतिकृती, बनवणाऱ्याच्या घरी गेलात तर काचेच्या कपाटातली विमानं, रणगाडे, जहाजं तो कौतुकाने दाखवेल. पलंगाखाली आणि कपड्यांच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात काय आहे, ते सहसा दाखवणार नाही. तिथे खोकी असतात. कधीच न उघडलेली, नाहीतर एकदा उघडून, आतलं न्याहाळून परत बंद केलेली. काचेमागे वीस मॉडेल्स असतील तर इथे न जोडलेल्या सुट्या भागांची दोनशे किट्स असू शकतात. या साठ्याला मॉडेलर मंडळी ‘स्टॅश’ म्हणतात. उरलेल्या आयुष्यात संपणार नाही इतका तो वाढला की त्याला म्हणायचं ‘सेबल’, म्हणजे ‘स्टॅश अक्वायर्ड बियॉन्ड लाइफ एक्स्पेक्टन्सी’. विणकाम करणाऱ्यांतही लोकरीच्या साठ्याबद्दल हीच थट्टा चालते.

पाहुण्याचा प्रश्न ठरलेला असतो: “एवढी कधी बनवणार?” खरं उत्तर ‘कधीच नाही’ असं आहे आणि ते मालकाला चांगलं ठाऊक असतं. तरी पुढच्या महिन्यात आणखी एक खोकं येतं. माणूस आळशी आहे किंवा त्याला उधळायची खोड आहे, असं म्हणून मोकळं होता येईल, पण त्याने काहीच उलगडत नाही. हा ढीग वाढण्यामागे साधा भागाकार आहे, कारखान्याचं अर्थकारण आहे आणि वेळेबद्दल आपण सगळेच स्वतःला मारतो त्या थापा आहेत.

दुपारचा खेळ ते दोन महिन्यांचं काम

किट म्हणजे पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकचे सुटे भाग. ते स्प्रू नावाच्या चौकटीला चिकटलेले असतात. कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे. सोबत डेकल्स, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची खुणांची चित्रं, आणि जोडणीची पुस्तिका. प्रमाण १/७२ असेल तर सहा फुटी माणूस एक इंचाचा होतो. विमानांसाठी १/७२ आणि १/४८ जास्त चालतात, रणगाड्यांसाठी १/३५. हा पस्तीसचा आकडा कुठून आला असं वाटेल. तामिया या जपानी कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पॅन्थर रणगाडा काढला. त्याच्या पोटात बॅटऱ्या आणि गिअर मावले पाहिजेत म्हणून जो आकार ठरला, तो १/३५ निघाला. पुढे सगळ्यांनी तोच धरला.

एकच विमान तीन-चार प्रमाणांत मिळतं. प्रत्येक प्रमाणात त्याच्या पाच-सात आवृत्त्या, प्रत्येक आवृत्तीला वेगवेगळ्या हवाई तुकड्यांच्या खुणा. ‘मला स्पिटफायर हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान हवं’ इतक्या साध्या इच्छेतून वीस खोक्यांपर्यंत पोचायला फारसे कष्ट पडत नाहीत.

पूर्वी असा साठा होण्याची सोयच नव्हती. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचं पहिलं स्पिटफायर १९५३ सालचं. त्या काळी अशी छोटी किट्स साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर कागदी पट्टी लावून विकली जात. मुलं दुपारी घेऊन येत आणि रात्री विमान दोऱ्याने छताला टांगलेलं असे. रंग दिला तर दिला. साठा करायला किट शिल्लक तर राहायला हवं! पुढे ती मुलं मोठी झाली आणि हा नाद सोबत घेऊन मोठी झाली. १९६३मध्ये ब्रिटनमध्ये इंटरनॅशनल प्लॅस्टिक मॉडेलर्स सोसायटी स्थापन झाली, स्पर्धा सुरू झाल्या, अचूकतेवरून वाद झडू लागले. हळूहळू भागांची संख्या वाढली, खिशात पैसे आले आणि हातातला वेळ गेला.

वेळ कुठे जातो हे पाहायला १/४८ मधली वैमानिकाची एक खुर्ची पुरे. खरी खुर्ची ४५ सेंटिमीटर रुंद धरली तर ही साडेनऊ मिलिमीटरच्या आत. तिच्यावरचे सुरक्षा-पट्टे खऱ्या विमानात ५ सेंटिमीटरचे, इथे जेमतेम १ मिलिमीटरचे. किटमध्ये ते खुर्चीवरच उठावात कोरलेले असतात आणि बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं. ज्याचं भागत नाही तो पितळी पत्र्यातून कोरून काढलेले वेगळे पट्टे विकत घेतो. ते पत्र्यातून कापायचे, चिमट्याने वळवून कापडासारखी घडी पाडायची, बक्कल वेगळं असेल तर त्यातून पट्टा ओवायचा, सुपरग्लूच्या थेंबाने चिकटवायचे. मग पट्ट्याला मळकट खाकी रंग, बक्कलला चंदेरी, घड्यांत पातळ केलेला काळसर रंग. अख्खी संध्याकाळ जाते. नंतर कॉकपिट विमानाच्या दोन अर्ध्यांत बंद होतं आणि अरुंद खिडकीतून हे पट्टे दिसतात न दिसतात. या दुखण्याला मॉडेलर चेष्टेने ‘ॲडव्हान्स्ड मॉडेलर सिंड्रोम’ म्हणतात. कला जसजशी वाढते तसतशी वर्षाकाठी पूर्ण होणारी मॉडेल्स कमी होतात, हे या छंदाचं अजब वैशिष्ट्य. सरावाने माणूस इथे हळू होतो.

नळ आणि टाकी

आता हिशोब. समजा, एकाकडे १८० किट्स आहेत. एका किटला सरासरी ४० तास लागतात. नोकरी-संसार सांभाळून आठवड्याला ४ तास मिळतात. वर्षाचे ५० आठवडे धरले तर २०० तास, म्हणजे वर्षाला ५ मॉडेल्स. १८० भागिले ५, उत्तर ३६ वर्षं. आज पंचेचाळिशीत असलेला माणूस शेवटचं डेकल लावताना ८१ वर्षांचा असेल. तोवर डोळे आणि बोटं आजच्यासारखीच चालतील, हे यात गृहीत धरलं आहे.

आणि हा हिशोब नवीन एकही किट घेतलं नाही तरचा. शाळेत नळ आणि टाकीचं गणित असे: एक नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो, तर टाकी भरायला किती वेळ लागेल? वर्षाला ९ किट्स आत आली आणि ५ बाहेर पडली तर दहा वर्षांत १८० ची २२० होतात. वर्षाला ९ म्हणजे महिन्याला एकसुद्धा नाही. असा माणूस स्वतःला काटकसरी समजत असतो. साठा कमी करणं सोडा, नुसता जैसे थे ठेवायचा तर त्याला आठवड्याला सात तासांहून जास्त बसावं लागेल. तेवढा वेळ असता तर तो आधीच बसला नसता का?

रांगांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रात एक सुटसुटीत नियम आहे. जॉन लिटल यांनी तो १९६१मध्ये सिद्ध केला: रांगेतल्यांची संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याची सरासरी वेळ. रांग स्थिर असेल, म्हणजे येणारे आणि जाणारे सारखे असतील, तर हा नियम दवाखान्यालाही लागू आणि कपाटालाही. १८० ची रांग आणि वर्षाला ५ ची ये-जा, तर एका किटला सरासरी ३६ वर्षं थांबावं लागणार. कुठलं आधी घ्यायचं हे बदलून ही सरासरी हलत नाही.

बदलतं ते एवढंच, की कोणी किती थांबायचं. गोची इथेच आहे. दवाखान्यात पहिला आलेला आधी आत जातो. कपाटात मात्र काल आलेलं किट आज टेबलावर चढतं, कारण उत्साह त्याच्याबद्दल असतो. जे आठवडाभरात उघडलं गेलं ते गेलं. उरलेली तळाशी सरकतात आणि त्यांची पाळी येण्याची शक्यता दरवर्षी घटत जाते. पंधरा वर्षांपूर्वी घेतलेलं किट कधी बनेल? बहुतेक कधीच नाही, आणि ते वाईट आहे म्हणून नाही. त्याच्यानंतर इतर आली म्हणून. याखेरीज अर्धवट सोडलेली असतात ती वेगळीच. त्यांच्या फळीला इंग्रजीत ‘शेल्फ ऑफ डूम’ म्हणतात आणि तिच्यावरून सुखरूप खाली उतरलेलं मॉडेल विरळा.

‘आत्ता नाही घेतलं तर गेलं’

मग घेतातच कशाला? एक कारण अगदी व्यवहारी आहे. किटचे भाग पोलादी साच्यात दाबाने वितळलेलं प्लॅस्टिक भरून काढतात. साचा तयार करणं अतिशय महाग. एकदा तयार झाला की भाग काढणं स्वस्त. म्हणून कंपन्या एका साच्यातून एका दमात मोठा घाणा काढतात, साचा यंत्रावरून उतरवून ठेवतात आणि दुसरा चढवतात. काढलेला माल संपला की ते किट दुकानांतून गायब. पुन्हा कधी निघेल? दोन वर्षांनी, वीस वर्षांनी, किंवा कधीच नाही. पुस्तिकेवर तसं लिहिलेलं नसतं. त्यामुळे वेळ मिळाल्यावर घेऊ असं म्हणणाऱ्याला ते तेव्हा दुप्पट भावाने शोधावं लागतं. साठा करणं हा या अनिश्चिततेवरचा विमा आहे, आणि इथपर्यंत तो शहाणपणाच आहे.

पण विम्याचा हप्ता आपण गरजेपेक्षा फार जास्त भरतो. साचे सहसा मरत नाहीत. फ्रॉग या ब्रिटिश ब्रँडचं उदाहरण मला फार आवडतं. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात हा ब्रँड बंद पडला आणि त्याचे बरेचसे साचे सोव्हिएत संघात गेले. तिथे ती विमानं ‘नोवो’ नावाने निघू लागली. दुसऱ्या महायुद्धातल्या शत्रूपक्षाच्या, म्हणजे जर्मनी-जपानच्या विमानांचे साचे मात्र सोव्हिएतांना नको होते. ते रेवेल या दुसऱ्या किट-कंपनीकडे गेले. पुढची कित्येक वर्षं तीच विमानं वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या खोक्यांतून बाजारात येत राहिली. ‘आता मिळणार नाही’ म्हणून जपून ठेवलेलं किट असं नव्या चित्रासकट शेजारच्या फळीवर येऊन बसतं. त्याहून वाईट म्हणजे कुणीतरी तेच विमान अद्ययावत साच्यातून काढतं. मग जुन्याची किंमतही घसरते आणि ते बनवायची इच्छाही मरते. किट्सकडे गुंतवणूक म्हणून पाहणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुरे.

पुढच्या महिन्यातला मोकळा माणूस

दुसरं कारण डोक्यातलं. गॅल झाउबरमन आणि जॉन लिंच या संशोधकांनी २००५मध्ये दाखवलं, की पुढे आपल्याकडे आजपेक्षा जास्त मोकळा वेळ असेल असं माणसं धरून चालतात. पैशाबद्दल ती एवढी आशावादी नसतात; पुढच्या महिन्यातही खिसा असाच असेल हे त्यांना कळतं. किट घेताना नेमकी हीच तफावत नडते. पैसे आज द्यायचे असतात, त्यांचा अंदाज बरोबर येतो. तास पुढे द्यायचे असतात, आणि ते देणारा माणूस हा आपल्याला वाटणारा, कुठलंच काम नसलेला, ताज्या डोळ्यांचा कुणी वेगळाच असतो. निवृत्तीनंतरची योजना तर जवळपास प्रत्येकाच्या साठ्यामागे असते.

लागणाऱ्या तासांचा अंदाजही असाच चुकतो. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल ते विचारलं होतं. सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. म्हणजे सगळ्यात वाईट अंदाजही कमीच पडला. ‘हे साधं किट आहे, दोन रविवारात होईल’ हे वाक्य ज्याने म्हटलं नाही असा मॉडेलर मला माहीत नाही.

आणि मग हवंसं वाटणं. मेंदूचे अभ्यासक केंट बेरिज यांनी ‘हवंसं वाटणं’ आणि ‘मिळाल्यावर आवडणं’ या दोन गोष्टी मेंदूत वेगवेगळ्या यंत्रणांवर चालतात, असं मांडलं. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा संबंध मुख्यतः पहिलीशी. नवीन किटची घोषणा, स्प्रूचे फोटो, खोक्यावरचं ढगांतून सूर मारणाऱ्या विमानाचं चित्र हे सगळं पहिल्या यंत्रणेचं खाद्य. बनवण्याचं सुख वेगळं, संथ. त्यात घासकाम आहे, पुटी वाळायची वाट आहे, हरवलेला इवलासा भाग गुडघ्यांवर बसून शोधणं आहे. पहिलं सुख पाच मिनिटांत विकत मिळतं. थकलेल्या माणसाने संध्याकाळी कुठलं निवडावं हे सांगायला नको.

म्हणून माझं मत असं, की हे मुळात दोन छंद आहेत आणि त्यांना एकाच नावाने हाक मारल्यामुळे घोटाळा होतो. एक छंद बनवण्याचा, दुसरा जमवण्याचा. रात्री एक खोकं उघडून भाग न्याहाळणं, पंखांवरच्या रेषा किती नाजूक कोरल्या आहेत ते उजेडात तिरके धरून पाहणं, एखाद्या तुकडीच्या खुणा बरोबर आहेत का हे जुन्या छायाचित्रांशी ताडून बघणं, यात खरी मजा आहे आणि त्यात डिंकाचा एक थेंबही खर्च होत नाही. जमवणाऱ्याने सगळं बनवलंच पाहिजे असं कुणी ठरवलं? अपराधी वाटतं ते साठ्याला कामाची यादी समजल्यामुळे.

सीमा आहे, तीही सांगायला हवी. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत २०१३पासून साठेबाजीचा विकार स्वतंत्रपणे नोंदला आहे. वस्तू टाकून देण्याच्या विचारानेच तीव्र त्रास होणं आणि घरातल्या खोल्या ज्यासाठी आहेत त्यासाठी वापरता न येणं, ही त्याची लक्षणं. विषयानुसार नीट लावलेली दोनशे किट्स म्हणजे तो विकार नव्हे. जेवणाच्या टेबलावर खोक्यांमुळे जेवता येत नसेल, किंवा हप्ते थकवून खरेदी चालली असेल, तर मात्र ती थट्टेची गोष्ट राहत नाही.

खोक्यात काळ थांबत नाही

साठा ठेवायचाच तर तो कसा खराब होतो हे माहीत असावं. पॉलिस्टायरीन तसं टिकाऊ. ऊन आणि उष्णता टाळली तर पन्नास वर्षांपूर्वीचे भागही आज छान जोडता येतात. घात करतात ते शेजारी. सगळ्यात मोठा दगाबाज म्हणजे मऊ टायर आणि रणगाड्यांचे मऊ पट्टे. हे बहुधा पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मुळात कडक. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर नावाची तेलकट रसायनं मिसळतात. वर्षानुवर्षं ती हळूहळू बाहेर झिरपतात, आणि टायर पॉलिस्टायरीनच्या भागाला टेकून पडला असेल तर तो भाग ती शोषून घेतो, मऊ पडतो, वितळल्यासारखा होतो. जुनं खोकं उघडावं तर टायर नेमका पारदर्शक काचेत रुतलेला, त्याच्या नक्षीचा ठसा काचेवर उमटलेला. हा भाग कुठल्याच पॉलिशने वाचत नाही. उपाय मात्र फुकटात आहे: किट आल्या आल्या टायर आणि पट्टे काढून पॉलिथिनच्या वेगळ्या पिशवीत घालायचे.

डेकल्स दोन तऱ्हांनी जातात. पिवळी पडतात, किंवा ठिसूळ होऊन पाण्यात घातल्याबरोबर त्यांचा चुरा होतो. पिवळेपणावर जुना तोडगा आहे: पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला आतून चिकटवून ठेवायची, बऱ्याचदा काही दिवसांत ती पांढरी होतात. ठिसूळ वाटली तर वापरण्याआधी वरून पारदर्शक वार्निशचा थर द्यायचा, आणि आधी नको असलेल्या एखाद्या छोट्या खुणेवर करून पाहायचं. दमट जागी डेकल्स वरच्या कागदालाच चिकटतात, तेव्हा भिंतीला टेकून किंवा जमिनीवर खोकी नकोतच.

आणखी एक. दहा खोक्यांची चळत केली की तळाचं खोकं दबतं आणि मोठा पंख वाकतो. आणि किट सीलबंद ठेवण्यात शहाणपण आहे असं समजू नका. उघडून भाग मोजा. एखादा स्प्रू कमी निघाला तर तो बदलून मिळण्याची आशा किट बाजारात असेपर्यंतच. वीस वर्षांनी तक्रार करायची कुणाकडे?

कमी करायची असतील तर ‘यातलं काय विकू?’ हा प्रश्न स्वतःला विचारू नका, उत्तर ‘काहीच नाही’ असंच येणार. हातात असलेल्या वस्तूला आपण जास्त किंमत देतो हे कानेमन, नेच आणि थेलर यांच्या १९९०च्या कपांच्या प्रयोगांत स्पष्ट दिसलं: नुकताच कप मिळालेल्यांनी तो विकायला मागितलेली किंमत घेणारे देऊ करत होते त्याच्या सुमारे दुप्पट होती. प्रश्न उलटा करावा: हे किट माझ्याकडे नसतं तर आज मी पैसे देऊन आणलं असतं का? बरीच खोकी इथे गळतात. त्यातही जुन्या साच्याचं आणि नव्याचं अशी एकाच विमानाची दोन असतील तर जुनं आधी काढावं, त्याची किंमत वाढण्याची शक्यता सर्वांत कमी.

आणि यादी करा. किट्सचा संग्रह बहुतेक वेळा मालकाच्या मागे उरतो, आणि ज्यांच्या हाती पडतो त्यांना त्यातलं काही कळत नाही. त्यांना सगळी खोकी सारखीच दिसतात. कुणीतरी ओळखीचा येतो, सरसकट भाव सांगतो आणि नेमकी दुर्मीळ किट्स घेऊन जातो. यादीत प्रत्येक किटची कंपनी, प्रमाण, खोक्यावरचा क्रमांक आणि अंदाजे भाव असावा. रेझिनचे आणि पितळी जादा भाग, वेगळी घेतलेली डेकल्स कुठल्या खोक्याची आहेत हेही लिहावं. सुटी पाकिटं घरच्यांना कचरा वाटतात, आणि कधीकधी त्यांचीच किंमत किटपेक्षा जास्त असते. विकायला मदत करेल अशा एखाद्या मॉडेलर मित्राचं नाव शेवटी घालावं. यादी फोनमध्ये ठेवली तर पासवर्डाअभावी ती असून नसल्यासारखीच. कागदावर छापून सगळ्यात वरच्या खोक्यात ठेवावी आणि ती तिथे आहे हे घरात निदान एकाला सांगून ठेवावं. त्या निमित्ताने एकूण आकडाही घरी कळेल, त्याला इलाज नाही.